स्लाइड चौदा

रावेरच्या गटसाधन केंद्रात कूलर खडखडतो आहे.
पाणी संपलंय त्याचं सकाळीच,
गरम वारा तेवढा इमानेइतबारे फिरवतो
पंचेचाळीस मास्तर-मास्तरणींवरून.

पुण्याहून आलेला मुलगा भला आहे.
'मी अनिश' म्हणतो, घाम पुसतो,
स्लाइड पुढे सरकवतो.
जागतिक ज्ञानजाळं. नकाशावर ठिपके,
नैरोबी, पॅरिस, लिमा, मनिला,
ठिपक्यांतून दोरे गेलेले
गोधडीच्या उलट्या बाजूसारखे.
रावेर नाही.
असावं असं मला वाटलंही नव्हतं.

मग चौदावी आली.
'गुणाकार : समूहातून समूहाकडे.
अल्प साधनांच्या प्रदेशात यशस्वी ठरलेली कृती.'
चित्रात सफरचंदं, तीन-तीनच्या ओळीत,
लालभडक, देठाला एकेक पान.

मी चष्मा पुसला.

सहा वर्षांमागे, पालच्या रस्त्याला, तिसरीचा वर्ग.
मी साताचा पाढा घोटून घेत होते
आणि मदिना रुबाब तडवी,
जिची आई केळीच्या गाडीवर घड चढवायची
आणि खालून ओरडून हिशोब सांगायची मुकादमाला,
ती मदिना उठून म्हणाली,
'फन्या मोजा ना बाई, येकेक केयं काय मोजता!'

एका घडाला आठ फण्या, एका फणीला चौदा केळी.
त्या दिवशी पाढा वर्गाबाहेर पडला
आणि पार पिलबागेतून हिंडून आला.

त्याच हिवाळ्यात एक पाहुणी आली होती.
वहीत खूप लिहिलं तिनं, फोटो काढले,
जाताना म्हणाली, हे जगाला सांगायला हवं.
मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.
मी चहा केला. मदिनाचं नाव सांगितलं नाही.
तिनं विचारलं नाही, असं मी आजवर म्हणत आले.

पुढे कुठल्या टेबलावर सोलली गेली ती केळी,
कुठल्या बैठकीत कुणी म्हणालं, फळ म्हटलं तरी पुरे,
कुणाच्या संगणकात सफरचंदाचं चित्र फुकट होतं,
कोण जाणे.
एवढं खरं की ते पुन्हा मराठी होऊन आलं माझ्यापाशी,
खाली बारीक अक्षरात तळटीप :
युगांडातील एका शिक्षिकेच्या अनुभवावर आधारित.

सुट्टीत शेवभाजी खाताना मोबाइलवर पाहिलं.
युगांडातही केळीच. टेकड्या चढून उतरणाऱ्या बागा,
सायकलीला दोन्ही अंगांनी बांधलेले हिरवे घड,
सावद्याच्या रस्त्यावर दिसावेत तसे.
म्हणजे तिच्याही वर्गात कुणी उठलं असेल.
तिच्याकडूनही नाव सांगायचं राहिलं असेल.
आणि आज कुठल्याशा पत्र्याखाली
तीही या सफरचंदांकडे बघत बसली असेल,
तळटीप वाचत : भारतातील एका शिक्षिकेच्या...

जेवणानंतर मी हात वर केला.
'बोला ना मॅडम.'
'सफरचंदाला फणी नसते.'
हशा झाला. शेजारचे भंगाळे सर तर खोकेपर्यंत हसले.
अनिशनं मात्र लिहून घेतलं,
खाली मान घालून, दोनदा खोडून.

चार वाजता अभिप्रायाचा कागद आला.
नवीन काय शिकलात? एका ओळीत लिहा.
मी लिहिलं : मदिना रुबाब तडवी.
आता नववीत असायला हवी.

मग कागद उलटा केला.
मागची बाजू कोरी असते, ती कुणी वाचत नाही,
म्हणून तिथं सावकाश, फळ्यावर लिहावं तसं :

बाई, आमच्याकडे एका घडाला आठ फण्या.
तुमच्याकडे किती?